सोय झाली, पण घर मिळालं का?

मैत्रिणींनो, ज्या घरात मतिमंद मूल आहे त्या घरातली आई खूप काही पचवते. शाळेत घेत नाहीत, लग्नकार्यात लोक रोखून बघतात, नातेवाईक आडून टोमणे मारतात. त्या सगळ्याची तिला सवय होऊन जाते. पण एका प्रश्नापाशी मात्र तिचा आवाज बसतो. 'आम्ही आहोत तोवर ठीक आहे हो, आमच्या माघारी हिचं कसं?'

आमच्या तालुक्याच्या गावी अशा आयांचा एक गट आहे. गेली बारा-तेरा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करते. काम म्हणजे फार मोठं काही नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात सोबत जायचं, फॉर्म भरून द्यायचे, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. सुरुवातीला या आया शाळेबद्दल विचारायच्या. आता त्यांची मुलं तिशी-चाळिशीची झाली, त्यांचे स्वतःचे गुडघे बोलायला लागले, आणि प्रश्न बदलला. 'एखादी चांगली संस्था माहीत आहे का हो ताई?'

या प्रश्नातल्या 'चांगली' या शब्दाविषयीच आज बोलायचं आहे. कारण संस्था मिळाली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण ती चांगली की वाईट हे बघायचं कसं, हे आपल्याला कुणी शिवलेलं नसतं, शिकवलेलंही नसतं!

आधी शब्दांचा घोळ सोडवू. 'मतिमंद' हा शब्द आता मागे पडला. त्याऐवजी 'बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती' असं म्हणतात. 'तारे जमीन पर' या सिनेमात दाखवलेली अध्ययन अक्षमता ही वेगळी, तिथे मुलाची बुद्धी नीट असते, फक्त लिहिणं-वाचणं अवघड जातं. आपण बोलतोय ते ज्यांना रोजचे व्यवहार समजायला, पैसे मोजायला, स्वतःची काळजी घ्यायला आयुष्यभर कुणाची तरी थोडी किंवा जास्त मदत लागते, त्यांच्याबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख लोकांची नोंद झाली. प्रत्यक्षात आकडा जास्तच असणार, कारण दारात आलेल्या माणसाला 'आमच्या घरी असं कुणी नाही' असं सांगणारी घरं आपल्याला ठाऊकच आहेत.

शाळा आधी आल्या, घरं उशिरा

मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, पुण्यात कामायनी १९६४ मध्ये. हळूहळू जिल्ह्याच्या गावीही विशेष शाळा निघाल्या. पण अठरा वर्षं पूर्ण झाली की शाळा संपते. पुढे काही ठिकाणी कार्यशाळा असते, पणत्या रंगवतात, पाकिटं करतात. संध्याकाळी मात्र घरीच यायचं. आणि घर म्हणजे आई-वडील. पूर्वी वाड्यात काका, काकू, आत्या असायच्या, एक माणूस सहज सांभाळलं जायचं. आता भाऊ पुण्याला, बहीण सासरी, दोन खोल्यांचा फ्लॅट. दोष कुणाला द्यायचा?

म्हणून पालकांनीच एकत्र येऊन घरं उभी केली. बदलापूरचं 'आधार' हे असंच पालकांच्या संघटनेनं उभं केलेलं, पुढे नाशिकलाही त्याची शाखा झाली. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. आपल्या मुलाला सांभाळताना जे कळलं, ते दहाजणांच्या मुलांसाठी वापरायचं, अशी ही कामं. पण मागणी खूप आणि जागा थोड्या. मग ज्याला जिथे जागा मिळेल तिथे पालक नंबर लावतात. आणि 'जागा आहे' एवढं ऐकलं की पुढचं काही विचारायचा धीरच होत नाही.

विचारलं नाही तर काय होतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते असं की, पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना ठेवता येत नाही. महिला संघटनांनी रान उठवलं तेव्हा लोकांना कळलं. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीत गतिमंद मुलामुलींच्या संस्थेतले लैंगिक अत्याचार उघडकीला आले, खटला चालला, शिक्षा झाल्या. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. ज्यांच्यावर हे घडलं त्यांचं म्हणणं ऐकून घेणारं रोजच्या रोज कुणी नव्हतं.

एवढं भयंकर सगळीकडे घडत नाही, हेही खरंच. बहुतेक ठिकाणी माणसं प्रामाणिकपणे राबत असतात. पण अत्याचार नाही म्हणजे चांगलं, असं थोडंच आहे?

तीन संस्था, तीन तऱ्हा

आमच्या गटातल्या एक काकू, वय अडुसष्ट. मुलगी एकेचाळीस वर्षांची, बोलते थोडं, पण समजतं बरंच. काका गेल्यावर त्यांनी संस्था बघायचं ठरवलं. मी सोबत होते. तीन ठिकाणी गेलो.

पहिली इमारत नवी, चकचकीत फरशी, फिनेलचा वास. अकरा वाजले होते आणि वीस-बावीस बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, अंगात एकसारखे गाऊन. 'आमच्याकडे कुण्णी आरडाओरडा करत नाही,' अधीक्षिका बाई कौतुकानं म्हणाल्या. मी त्यांतल्या एकीला विचारलं, 'तुझा कंगवा कुठला गं?' ती नुसती बघत राहिली. बाईच म्हणाल्या, 'कंगवे, टॉवेल सगळं कॉमन आहे. धुऊन आलं की गठ्ठ्यातून देतो.' काकूंना मात्र ती जागा आवडली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, 'किती स्वच्छ आहे गं!' आयुष्यभर घर लखलखीत ठेवलेल्या बाईला आधी फरशीच दिसणार, त्यात नवल ते काय.

दुसऱ्या ठिकाणी माणसं प्रेमळ होती, पण जेवण संध्याकाळी सहाला. का, तर स्वयंपाकीणबाईंची साडेसहाची एस.टी. असते. सात वाजता दिवे मालवून सगळ्यांना अंथरुणावर. तिथून सकाळपर्यंत बारा तास! चाळीस वर्षांच्या बाईनं सात वाजता झोपायचं, ते स्वयंपाकिणीच्या एस.टी.साठी.

तिसरी जागा म्हणजे एका वस्तीतला भाड्याचा जुना बंगला. रंग उडालेला, पंखा कुरकुरणारा. सात बायका आणि दोन मावशी, रात्री आणखी एक. आम्ही गेलो तेव्हा एकजण वाटाणे सोलत होती, त्यातले निम्मे तोंडात जात होते आणि कुणी तिला रागवत नव्हतं. एकजण मावशीबरोबर पिठाचा डबा घेऊन गिरणीत निघाली होती. गिरणीवाल्याला तिचं नाव माहीत होतं. प्रत्येकीचं कपाट वेगळं, दारावर तिचा फोटो. एकीला चहा घेतल्याशिवाय आंघोळीला जायचं नसतं, म्हणून तिचा चहा आधी. मी मावशींना विचारलं, 'मग बाकीच्या नाही का मागत?' त्या हसून म्हणाल्या, 'मागतात की. ज्या मागतात त्यांना देतो. घरात नाही का आपण देत?'

'घरात नाही का आपण देत' हाच माझ्या मते चांगल्या संस्थेचा पहिला आणि शेवटचा निकष. दिवसभरात किती गोष्टी तिच्या मनाप्रमाणे होतात? उठायचं कधी, कपडे कुठले, कुणाशेजारी बसायचं, भाजी कुठली. बोलता येत नसलं तरी दोन भाज्या समोर धरल्या की ती बोट दाखवतेच. आपल्याला या गोष्टी किरकोळ वाटतात, कारण त्या आपल्याला न मागता मिळालेल्या असतात.

घर एकाचं, मदत दुसऱ्याची

परदेशातही हे सगळं सुरुवातीपासून चांगलं होतं असं मुळीच नाही. ब्रिटनमध्ये एकेकाळी अशा माणसांना गावाबाहेरच्या प्रचंड मोठ्या रुग्णालयांतून जन्मभर ठेवत. १९७१ मध्ये तिथल्या सरकारनं धोरण बदलायला घेतलं आणि पुढच्या काही दशकांत ती रुग्णालयं बंद होत गेली. त्यांच्या जागी वस्तीतली लहान घरं आली, आणि पुढे एक वेगळी पद्धत रुजली. घर त्या व्यक्तीच्या नावावर भाड्यानं आणि मदतीला येणारी माणसं दुसऱ्या संस्थेची. फायदा असा की मदतनीस पटले नाहीत तर मदतनीस बदलायचे, घर सोडायचं नाही. आपल्याकडे तक्रार केली की 'मग घेऊन जा तुमच्या मुलीला' असं ऐकावं लागतं, आणि म्हणून पालक गप्प बसतात. ही एक गाठ त्या पद्धतीत सुटते.

तिथल्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. केंट विद्यापीठातले प्राध्यापक जिम मॅन्सेल यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. घर लहान केलं, माणसं वाढवली, तेवढ्यानं आयुष्य बदलत नाही. मदत करणारी व्यक्ती मदत कशी करते यावर सगळं ठरतं, असं त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. पोळी लाटून समोर ठेवणं ही एक तऱ्हा. तिच्या हाताखाली हात धरून कणकेचा गोळा करायला लावणं ही दुसरी. दुसरीत वेळ जास्त जातो, पीठ सांडतं. पण ती बाई त्या स्वयंपाकघरात असते, कोपऱ्यात नसते.

आणि नुसत्या सरकारी तपासणीवर विसंबून चालत नाही, हेही तिथेच दिसलं. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू नावाच्या खासगी रुग्णालयात बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. कर्मचारी रुग्णांना मारत होते, छळत होते. तिथे तपासणीची यंत्रणा होती, एका परिचारकानं आधी तक्रारही केली होती. पुढे अकरा जणांवर गुन्हे शाबित झाले. पण वेळी-अवेळी डोकावणारी घरची माणसं आत जाऊ शकत नव्हती.

बघायला जाल तेव्हा

म्हणून संस्था बघायला जाताना मी आता आयांना काही गोष्टी सांगते. कापून ठेवा हवं तर!

• एकदा कळवून जा, एकदा न कळवता जा. 'महिन्याच्या पहिल्या रविवारीच भेट' असा नियम असेल तर कारण विचारा.

• जेवणाच्या वेळेला आणि संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा सगळीकडे कार्यक्रम असतो, खरी परीक्षा संध्याकाळी होते.

• तिथल्या एखादीला विचारा, 'तुझी वस्तू दाखव.' कपाट, कंगवा, फोटो, बाहुली, काहीही. दाखवायला काही नसेल तर समजा.

• न्हाणीघराला आतून कडी आहे का? बाहेरून उघडता येणारी असावी, पण असावी. कपडे सगळ्यांसमोर बदलायला लावत नाहीत ना?

• पाळीच्या दिवसांत काय करतात ते स्पष्ट विचारा. लाजू नका. पॅड बदलायला शिकवता येतं, अगदी एकेक पायरी करून, सहा महिने लागले तरी. 'ऑपरेशन करून घ्या' असा सल्ला दिला तर तिथून उठा. तिच्या स्वेच्छेशिवाय मूल होऊ न देणारी कुठलीही शस्त्रक्रिया करता येत नाही, असं २०१६ च्या कायद्यातच आहे.

• औषधं कोण देतं, कशी लिहून ठेवतात? फिट येणाऱ्यांच्या गोळ्या चुकता कामा नयेत. आणि सगळेच्या सगळे फारच शांत असतील तर झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारा. शांत घर हे नेहमी सुखी घर नसतं.

• दात. होय, दात! आमच्या ओळखीची एक मुलगी अचानक डोकं भिंतीवर आपटायला लागली. 'वेडाचा झटका' म्हणून गोळ्या वाढवल्या गेल्या. शेवटी दाढ किडलेली निघाली. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं स्वभावावर ढकललं जातं. दातांच्या डॉक्टरांकडे वर्षातून किती वेळा नेतात ते विचारा.

• नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणा. त्याशिवाय अशी संस्था चालवता येत नाही.

मावशी टिकल्या तर घर टिकतं

संस्थेची इमारत देणगीदारांच्या पाटीवर उभी राहते, पण घर उभं राहतं ते मावशींवर. मी एकदा एका मावशींना विचारलं, 'किती वर्षं झाली इथे?' म्हणाल्या, 'चार महिने. माझ्या आधीची दोन महिन्यांत गेली.' पगार घरकामापेक्षाही कमी, रात्रपाळी, सुट्टी नाही, अंगावर येणारं कुणीतरी असतंच. कोण टिकणार? आणि बोलता न येणाऱ्या माणसाची खूण कळायलाच चार-सहा महिने लागतात. ती खूण ओळखणारी बाई निघून गेली की त्या माणसाची भाषाच जाते.

म्हणून फी ऐकून आपण घासाघीस करतो तेव्हा 'मावशींना किती देता?' हेही विचारावं. त्यांना प्रशिक्षण मिळालंय का, हेही. भारतीय पुनर्वास परिषदेचे असे अभ्यासक्रम आहेत. गावातल्या होतकरू मुलींना हे काम म्हणून, व्यवसाय म्हणून शिकवता आलं तर दोन्ही बाजूंनी भलं होईल. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांत संस्थेची फी निघत नाही, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. गरीब आईनं काय करायचं, याला आज तरी माझ्याकडे सोपं उत्तर नाही. सरकारनं या कामाला पैसा द्यावा म्हणून आपण एकत्र मागणी करायला हवी, एवढंच म्हणते.

कायद्याचे चार शब्द

बऱ्याच जणींना हे माहीत नसतं की मुलगी अठरा वर्षांची झाली की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आपल्यानंतर भाऊ किंवा मावसबहीण पालक होणार असेल तर ते आपण धडधाकट असतानाच बोलून ठेवावं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. त्यानं आबाळ केली तर त्याला काढण्यासाठीही समितीकडे जाता येतं. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' आणि काही दिवसांच्या मुक्कामासाठी 'समर्थ' अशा योजनाही न्यासानं आखल्या आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक सुंदर कलम आहे, पाचवं. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. छळ होतोय असं दिसलं तर कुणीही, अगदी शेजारीणसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांतांकडे कळवू शकते.

सत्तराव्या वर्षी नको, आत्ताच

त्या काकूंनी शेवटी तो रंग उडालेला बंगला निवडला. पण एकदम पेटी भरून मुलीला नेऊन सोडलं नाही. आधी आठ दिवस, मग दिवाळीनंतर पंधरा दिवस, मग मे महिना. पहिल्या वेळी मुलगी दोन दिवस जेवली नाही. काकूंनी फोनवरून मावशींना सांगितलं की तिला भात कालवून लागतो आणि ताटात लोणचं वेगळ्या वाटीत लागतं. तिसऱ्या दिवशी जेवली. आता जागा रिकामी झाली आणि ती तिथेच राहते. काकू दर पंधरा दिवसांनी जातात. गेल्या वेळी त्या निघाल्या तेव्हा लेकीनं दारापर्यंत येऊन हात हलवला आणि आत वळली. काकू एस.टी.त रडल्या. पण म्हणाल्या, 'रडले ते दुःखानं की सुखानं, मलाच कळलं नाही गं.'

त्या लोणच्याच्या वाटीवरून आमच्या गटानं एक उद्योग सुरू केला. प्रत्येक आईनं एक दोनशे पानी वही घालायची. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, पोटात दुखलं की ती काय करते, कुठली गोळी चालत नाही, झोपताना दिवा लागतो का, पाळीच्या आधी चिडचिड होते का. जे फक्त आईलाच माहीत असतं ते सगळं कागदावर. लिहिता येत नसेल त्या आईनं सांगायचं, आम्ही लिहितो. आतापर्यंत चौदा वह्या झाल्या.

ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्या मैत्रिणींनाही काम आहे. आपल्या गावात किंवा जवळपास अशी एखादी संस्था असेलच. हळदीकुंकवाला, भिशीला जमतो तशा दोघी-तिघी मिळून तिथे जा. एक दिवस खाऊ वाटून फोटो काढायला नको, महिन्यातून दोनदा, नेमानं. कुणाची वेणी घाला, कुणाला बाजारात घेऊन जा. बाहेरची माणसं ज्या घरात येत-जात राहतात, तिथे वाईट गोष्टींना लपायला जागा कमी मिळते. आणि जाल तेव्हा एकीला तरी तिच्या नावानं हाक मारा. पुढच्या वेळी ती तुमची वाट बघत असेल.